भूल देणारे काझी सर

काझी सर भूल द्यायच्या आधी मुलाच्या घरी जात आणि ते मूल जेवतं कसं ते बघत. नांदेडमध्ये भूलतज्ज्ञ बरेच आहेत. पण दारात बूट काढून, गुडघ्यांच्या दुखण्यामुळे मोजे काढायला होणारा उशीर न लपवता, भिंतीला टेकून पेशंटच्या जेवणाची वेळ होईपर्यंत बसून राहणारा दुसरा मी पाहिला नाही. घरातले लोक गोंधळत. कुणी पंखा वाढवी, कुणी शेजारून खुर्ची आणी. शेवटी आई विचारी, "तपासायचं नाही का, साहेब?"

"तपासूनच राहिलो की," ते म्हणत. "तुम्ही भरवा."

मी लहान मुलांच्या दातांची डॉक्टर. माझ्याकडे सगळीच मुलं येतात, पण त्यातली काही अशी असतात की त्यांच्या मेंदूला जन्माच्या वेळी इजा झालेली असते, किंवा झटके येत असतात, किंवा एखाद्या आजारानं शिकलेलं सगळं हळूहळू विसरत चाललेली असतात. त्यांना 'तोंड उघड' म्हणून उपयोग नसतो. आरसा आत घातला की जबडा आपोआप मिटतो. दोनदा माझं बोट त्यात सापडलं आहे. या मुलांची औषधं गोड पातळ असतात, घास गालात तसाच राहतो, झटक्यांच्या काही गोळ्यांनी हिरड्या वाढून दातांवर चढतात. दात किडतात. दुखतं. पण दात दुखतोय हे सांगायचं कसं? मूल डोकं आपटतं, हात चावतं, खाणं सोडतं. घरच्यांना वाटतं मूळचा आजारच वाढला. झटक्यांचं औषध वाढवलं जातं. तोंडात बघायचं कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्यापर्यंत येईस्तोवर कधीकधी दातांची नुसती मुळं उरलेली असतात.

अशा मुलाला पूर्ण झोपवून, एकाच बैठकीत सगळे दात उरकणं हा एकच मार्ग बहुतेक वेळा राहतो. आणि झोपवायला कुणी तयार नसतं. मी नांदेडच्या सगळ्या भूलतज्ज्ञांना फोन केले होते. सगळे सभ्यपणे बोलले. "मॅडम, अशा मुलाला कशाला हात लावता?" त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. ज्याचा श्वास जागेपणीच धड नाही, त्याचा श्वास आपल्या हातात घ्यायचा म्हणजे काय हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

काझी सर मला एका खाजगी रुग्णालयाच्या डॉक्टरांच्या खोलीत भेटले. डबा खात होते. उंच, खांद्यात वाकलेले, कापलेल्या पांढऱ्या मिशा, चष्मा दोरीनं गळ्यात. मी उभ्यानंच एका मुलाची माहिती सांगायला लागले. कोणते दात, किती खोल कीड, हिरडीला कुठं गळू.

"ते न्हाई विचारलं," ते म्हणाले. "पोरगं खातं काय?"

मला माहीत नव्हतं.

"मग विचारून या. न्हाईतर पत्ता द्या, मीच जातो."

ते मूल अर्धापूरचं होतं. समर्थ नाव, चार वर्षांचा. घरची केळीची बाग, माणसं बरी. सरांबरोबर मीही गेले. समर्थची आई पाय लांब करून बसली होती. पायांवर समर्थ, डोकं तिच्या कोपरात. दुधात कुस्करलेलं केळं ती चमच्यानं भरवत होती. आजोबा सरांना चहाचा आग्रह करून थकले. सर त्या चमच्याकडे बघत बसले होते. जेवण संपायला बराच वेळ लागला. मग त्यांनी आईला विचारलं, "भरवताना तुम्ही त्याच्या गालाला बोट का लावता?"

"लावते का मी?" ती म्हणाली.

"लावता. कानाच्या खाली. मग तो गिळतो."

तिनं स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. ऑपरेशननंतर समर्थ जागा होत असताना सर त्याच्या डोक्याशी स्टुलावर बसले होते आणि कानाच्या खाली, गालावर, एक बोट हळूच फिरवत होते. त्यानं गिळलं. मग दुसऱ्यांदा गिळलं. सरांनी श्वासाची नळी काढली. काही दिवसांनी त्याच्या आईचा फोन आला, तो रात्रभर शांत झोपला म्हणून. एवढंच बोलली.  

त्यानंतर आम्ही बरोबर काम करायला लागलो. साधी मुलं नांदेडला, आणि ज्यांना नंतर अतिदक्षता विभाग लागेल अशी मुलं लातूरला. तिथं एका रुग्णालयात लहान मुलांसाठी व्हेंटिलेटर होता आणि महिन्यातून एकदा ऑपरेशन थिएटर आम्हाला मिळायचं. सरांची जुनी पांढरी गाडी होती, ती ते स्वतः चालवत. लोहा, अहमदपूर, लातूर. अहमदपूरच्या एसटी स्टँडसमोर थांबून चहा घ्यायचा हे ठरलेलं. वाटेत ते पेशंटविषयी बोलत नसत. थोरला मुलगा हैदराबादला, धाकटा पुण्याला. त्यांच्या पत्नी, आमच्या भाभी, उर्दू शाळेत शिकवत, आणि पोरांच्या उत्तरपत्रिकांतल्या गमती सरांना जेवताना वाचून दाखवत. त्या गमती ते मला सांगत आणि स्वतःच आधी हसत.

लोकांना वाटायचं यांच्या घरात असं एखादं मूल असणार. एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी माझ्यासमोर विचारलंसुद्धा.

"न्हाई," सर म्हणाले. "दोन्ही पोरं धडधाकट हायेत. एक फोन करतो, एक करत न्हाई."

"मग हेच काम का घेतलंत?"

"कारण लागतं का? काम हाय, करून राहिलो."

थिएटरमध्ये कुणी 'बिचारं' म्हटलेलं त्यांना चालत नसे. नवीन सिस्टर मुलाला उचलताना सवयीनं म्हणाली, "बिचारं लेकरू." सर तिच्याकडे न बघता म्हणाले, "बिचारं म्हणू नका, वजन सांगा." तिला राग आला होता. मलाही ते कठोर वाटलं होतं. पण तेच सर मास्क लावायच्या आधी मुलाच्या कानाशी वाकून सगळं सांगत. आता थंड लागेल, आता वास येईल, आता हाताला मुंगी चावल्यासारखं होईल, आई दाराबाहेर बसलीय. ज्या मुलाला ऐकू येतं की नाही याचीच शंका, त्यालाही. मी एकदा विचारलं, त्याला कळतं असं वाटतं का तुम्हाला? "मला काय म्हाइत," ते म्हणाले. "पण बोलत न्हाई म्हणून त्याला सांगायचंच न्हाई का?"

आणि एक वाक्य ते दर वेळी, काम सुरू करायला मला खूण करताना म्हणत. "झोपवायला औषध लागतं, मॅडम. उठवायला मी लागतो. करा तुमचं सावकाश."

हदगावची वेदिका आमच्याकडे आली तेव्हा पाच वर्षांची होती. वडील संतोष, गावात त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. आई सविता. वेदिका दोन वर्षांची होईपर्यंत चालली होती, 'पप्पा' आणि 'चिऊ' म्हणाली होती. मग पडायला लागली, मग बसणं गेलं, मग शब्द गेले. हैदराबादच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि त्यावर औषध नाही हेही सांगितलं. आता तिची मान धरत नव्हती. दाढा जवळजवळ सगळ्या किडलेल्या, उजवा गाल सुजलेला. प्रतिजैविकानं सूज उतरायची, बंद केलं की परत यायची. वजन कमी होत चाललं होतं.

सर हदगावला गेले. मी होतेच. सविताताईंनी वरण-भात मिक्सरमधून काढून आणला. चमचा दाढेला लागला की वेदिकाचं अंग लाकडासारखं ताठ व्हायचं आणि नाकातून एक बारीक आवाज यायचा. तिला रडता येत नव्हतं. सविताताई थांबायच्या, ती सैल झाली की परत चमचा न्यायच्या. वाटीतलं फारसं कमी झालं नाही. सर शेवटपर्यंत बघत होते. मग उठून मोरीत गेले, तोंडावर पाणी मारलं आणि परत जागेवर येऊन बसले.

संतोष म्हणाले, "साहेब, लोक म्हणतात हिचं आयुष्यच किती राहिलं. मग कशाला चिरफाड?"

"लोकांचं सोडा. तुम्ही काय म्हणता?"

संतोषनी बायकोकडे पाहिलं. सविताताई वाटीतला चमचा फिरवत होत्या. "जेवढं हाय तेवढ्यात तिला खाता आलं पाह्यजे," त्या म्हणाल्या.

सर म्हणाले, "बघा, ताई. स्पष्ट सांगतो. भूल दिल्यावर ही उठंल असं मी म्हणणार न्हाई. उठवायचा प्रयत्न करीन, एवढंच म्हणतो. हिचे स्नायू लई कमजोर झालेत. श्वास परत स्वतःचा स्वतः घेईल का, ते मला म्हाइत न्हाई."

"आन् केलंच न्हाई तर?"

"तर असंच दुखत राहील. पू एक दिवस रक्तात जाईल. तेव्हा भूल सोसायची ताकदही राहणार न्हाई."

बाहेर कुणीतरी दुकानाची किल्ली मागायला आलं. संतोष उठून किल्ली देऊन आले. परत बसले.

"मग करा," सविताताई म्हणाल्या. आणि नवऱ्याकडे वळून, "तुमी पण म्हना. माझ्या एकटीवर नको."

"करा," संतोष म्हणाले.

लातूरला त्या सकाळी सगळं नेहमीसारखं होतं. सरांनी वेदिकाच्या कानात सांगितलं. मास्क, वास, मुंगी, आई बाहेर. नळी पहिल्या प्रयत्नात बसली. मी दाढा काढायला सुरुवात केली. उजवीकडची निघाली तेव्हा मागून पू आला, बराच आला, आणि ज्या गोष्टीनं ती इतके महिने ताठ होत होती ती मला चिमट्यात दिसत होती. काही दात वाचवता आले, त्यांवर धातूच्या टोप्या बसवल्या. टाके घातले. तोंड पुसलं. काम चांगलं झालं होतं. हे मी आजही म्हणेन, काम चांगलं झालं होतं.

"झालं, सर," मी म्हणाले.

सरांनी औषध बंद केलं. "वेदिका, ऊठ बेटा. संपलं." तिचा श्वास आला. लहान, वरवरचा. मग थांबला. मग परत आला. सर स्टुलावर बसले होते, एक हात तिच्या छातीवर, नजर मॉनिटरच्या पडद्यावर. सिस्टरनी चहाचं विचारलं, त्यांनी नको म्हणून मान हलवली. वेदिकानं एकदा डोळे अर्धे उघडले. सविताताईंना आत बोलावलं, त्यांनी ते पाहिलं. पण श्वास तिला पुरत नव्हता. आम्ही तिला व्हेंटिलेटरवरच अतिदक्षता विभागात नेलं.

संध्याकाळी तिथल्या डॉक्टरांनी नळी काढून पाहिली. थोडा वेळ चाललं, मग ती दमली, आणि नळी परत घालावी लागली. दुसऱ्या दिवशी ताप आला, छातीत कफ भरला. मी नांदेडला जाऊन परत आले. सर गेलेच नव्हते. त्याच शर्टावर होते. तिसऱ्या दिवशी सकाळी वेदिका गेली.

असं काही झालं की बोलायचं कसं हे आम्हा डॉक्टरांचं ठरलेलं असतं. आम्ही शक्य ते सगळं केलं, असं सुरू करायचं. मी तेच मनात जुळवत होते. तिथले मुख्य डॉक्टरही आले होते. सर आमच्या पुढं चालत गेले आणि बाकावर संतोषच्या शेजारी बसले.

"संतोष, वेदिका गेली," ते म्हणाले. "मी झोपवलं होतं. मला उठवता आलं न्हाई."

मुख्य डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. असं वाक्य बोलायचं नसतं. संतोषचा भाऊ पुढं आला, ओरडायला लागला, त्यानं सरांचा दंड धरला. सरांनी दंड सोडवला नाही. संतोषनी भावाचा हात बाजूला केला. ते रडत नव्हते. त्यांनी एकच विचारलं.

"तिला दुखलं का, साहेब?"

"न्हाई. ते मी खात्रीनं सांगतो. झोपवल्यापासून तिला काहीच दुखलं न्हाई."

सविताताई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं असावं. मान हलल्यासारखी मला वाटली.

परतताना अहमदपूरला सरांनी गाडी थांबवली. मला वाटलं नुसता चहा घेतील. त्यांनी भजी मागवली आणि खायला लागले. मी ताटलीकडे बघत होते.

"खा, मॅडम."

"सर, तुम्हाला खाववतं कसं?"

"भूक लागली," ते म्हणाले. त्यांनी सगळी भजी संपवली, कागदानं एकेक बोट पुसलं. मला त्यांचा राग येईल असं वाटलं होतं, पण तोही आला नाही. समोर एसट्या येत होत्या, जात होत्या, कंडक्टर गावांची नावं घेऊन ओरडत होते. चहा नेहमीसारखाच लागला. पुढं लोह्याच्या अलीकडं त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन चालू ठेवून बसून राहिले. दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी खिडकीतून बाहेर बघत होते. सोयाबीन काढून झालेलं रिकामं रान होतं.  मग ते "चला" म्हणाले, स्वतःलाच, आणि गाडी निघाली.

मी दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडला. मुलं आली, मी दात भरले, हसले, फुगे दिले. घरी भाजीला फोडणी दिली. आपल्याला काहीतरी व्हायला पाहिजे असं मला सारखं वाटत होतं आणि काही होत नव्हतं. आंघोळीचं पाणी फार गरम आहे हे उशिरा कळायचं. मी सरांना फोन केला नाही. त्यांनीही केला नाही.

तेराव्याला मात्र ते गाडी घेऊन दारात उभे. "हदगावला जायचं," म्हणाले. माझी इच्छा नव्हती, पण 'नाही' म्हणायलाही अंगात काही लागतं, ते नव्हतं. मांडवात बायका कुजबुजल्या. तो भाऊ उठून आत निघून गेला. सर सतरंजीवर बसले. संतोष शेजारी येऊन बसले.  चहा आला, तो प्यायले. थोड्या वेळानं सविताताई आल्या.

"घरात लई शांत वाटतं आता, साहेब," त्या म्हणाल्या. "तिचा तो कण्हायचा आवाज... कानाला सवय पडली होती."

"हाव," सर म्हणाले.

निघताना सविताताईंनी मला दाराशी थांबवलं. "मॅडम, दात किती काढले हो तिचे?"

मी सांगितलं.

 "बरं झालं काढले," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

पुढची केस आधीच ठरलेली होती. देगलूर नाक्याजवळच्या वस्तीतला फैजान, झटक्यांचा आजार, हिरड्या इतक्या वाढलेल्या की पुढचे दात दिसत नव्हते. मी सरांना म्हणाले, आपण हे पुढं ढकलू. ते म्हणाले, "तुम्ही ढकला. मी जेवण बघून येतो." मग मीही गेले. फैजानची आई रुखसाना दारातच उभी राहिली. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती.

"डॉक्टरसाब, आपके हाथ से एक बच्ची गई बोलते लोगां."

"हाव, गई," सर म्हणाले. आणि उंबऱ्याबाहेर उभ्यानंच त्यांनी तिला सगळं सांगितलं, काय आजार होता, काय केलं, कुठं अडलं. काही गाळलं नाही, काही सावरून घेतलं नाही.

"फिर मेरे बच्चे कू आपके पास कायकू देऊं?"

"मत देओ. जबरदस्ती नहीं है, बेटी. मैं तो बस उसका खाना देखने आया."

तिनं त्यांना आत घेतलं. ते बसले, बघितलं आणि आम्ही आलो. ऑपरेशनला ती नाही म्हणाली. काही आठवड्यांनी तिचाच फोन आला, पोरगा रात्रंदिवस हात चावतो म्हणून. नांदेडलाच केलं. माझी बोटं काम करत होती आणि मी कशाचाच विचार करत नव्हते. संपल्यावर सर स्टुलावर बसले, त्याला हाक मारली, आणि फैजान मोठ्यांदा रडायला लागला. सरांनी दार उघडून रुखसानाला आत बोलावलं. "रो रहा," ते म्हणाले. "सुनो." ती ऐकत उभी राहिली. मग तिनं ओढणी तोंडात धरली.

त्यानंतर आम्ही अजून बरीच वर्षं काम केलं. मुलं झोपली, उठली. त्यांतली काही पुढं त्यांच्या आजारानं गेली, काही शाळेत जाण्याइतकी सुधारली. वेदिकाचं नाव आमच्यात कधी निघालं नाही. हदगावच्या रस्त्याला लागलो तरी निघालं नाही.

मग एके दिवशी लातूरहून परतताना, काम अगदी सुरळीत झालेलं असताना, सर म्हणाले, "मॅडम, आज शेवटचं."

मला आधी समजलंच नाही.

"आज त्या पोराचा श्वास अडकला, तेव्हा माझ्या हाताला उशीर झाला. लई न्हाई, जरासा. तुमच्या लक्षात आलं न्हाई, सिस्टरच्या न्हाई. माझ्या आलं."

"सर, मुलाला काहीच झालं नाही."

"हाव. म्हणून आज थांबायचं."

मी वाद घातला. तुमच्याशिवाय कोण आहे, म्हणाले. दहा मुलं थांबलीत, त्यांना काय सांगू, म्हणाले. नवीन कुणाला तरी शिकवा, म्हणाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मला म्हाइत न्हाई," म्हणाले. नवीन भूलतज्ज्ञ येऊन बघून जात, हे खरं. पण पोटाची, हाडांची कामं भरपूर असताना हे जोखमीचं कुणाला हवं होतं? सरांनी कुणालाही नावं ठेवली नाहीत.

थोरल्या मुलानं हैदराबादला बोलावलं होतं. भाभी निवृत्त झाल्या होत्या. घर भाड्यानं दिलं. निघायच्या दिवशी मी सकाळी गेले. सामानाचा टेम्पो आधीच गेला होता, खोल्या रिकाम्या, बोललं की आवाज घुमत होता. भाभी आत शेवटचा झाडू मारत होत्या. सर ओट्यावर बसून मोजे घालत होते. मी त्यांच्या शेजारी बसले आणि इतकी वर्षं न विचारलेलं विचारलं.

"सर, वेदिकाला आपण झोपवायला नको होतं का?"

त्यांनी मोजा पूर्ण वर ओढला. दुसरा हातात घेतला.

"मी लई विचार केला," ते म्हणाले. "मुलगा म्हणतो विसरा. तुमची भाभी म्हणते अल्लाची मर्जी. पण माझं उत्तर दर वेळी तेच येतं. उद्या तीच पोरगी तशीच आली, तसाच गाल सुजलेला, तर मी परत झोपवीन. उठणार न्हाई हे म्हाइत असलं तरी झोपवीन." ते थांबले. "अन् हे मला त्या संतोषला सांगता येत न्हाई, मॅडम. कुणालाच सांगता येत न्हाई. आज तुम्हाला सांगितलं."

 मी त्यांचे बूट त्यांच्याकडे सरकवले.

भाभी कुलूप घेऊन बाहेर आल्या. त्यांनी मला जवळ घेतलं, हैदराबादला यायचं वचन घेतलं. सर गाडीत बसले, या वेळी मागच्या सीटवर, कारण चालवायला मुलानं माणूस पाठवला होता. काच खाली करून ते म्हणाले, "निघा आता, मॅडम. पोरं वाट बघून राहिली असतील."

थिएटरमध्ये कुणीच वाट बघत नव्हतं. त्या दिवशी, त्या आठवड्यात, त्या महिन्यात एकही केस ठरलेली नव्हती. भूल द्यायला माणूसच नव्हता. ज्यांना थांबा म्हणून सांगितलं होतं ते आपापल्या गावी थांबले होते.

"हो सर, निघते," मी म्हणाले, आणि निघाले.